खर्चाची वही: पहिल्या तीन महिन्यांची नोंद आणि तिचा मेळ

रोजमेळ

आर्थिक नियोजनाचे बहुतेक प्रश्न "पैसे कुठे गुंतवू" इथून सुरू होतात. त्याआधीचा प्रश्न असतो महिन्याला नक्की किती खर्च होतो हा. त्यावर जो अंदाज मिळतो तो बहुधा कमीच निघतो. ठरलेल्या तारखेला जाणारे मोठे आकडे लक्षात असतात, पण वर्षातून एकदा येणारी बिलं आणि रोजचे सुटे खर्च निसटतात. म्हणून हा धागा मुख्यतः नोंदीसाठी आहे.

पहिल्या महिन्यात स्वतःवर कुठलीही मर्यादा घालू नका. मर्यादा घातली की तो महिना मुद्दाम काटकसरीचा जातो आणि हाती येणारा आकडा नेहमीच्या जगण्याचा राहत नाही. जसं चाललंय तसं चालू द्या, फक्त लिहा.

रकाने पाच पुरतात: तारीख, रक्कम, कशासाठी, वर्ग आणि पैसे कुठून गेले (रोख, बँक, कार्ड). हा शेवटचा रकाना लोक सर्रास गाळतात आणि मग काहीच जुळत नाही. पैसे देताना फक्त रक्कम, दोन शब्द आणि कुठून दिले एवढंच टिपा. वर्ग आठवड्यातून एकदा बसून भरा. वर्ग ठरवायला विचार करावा लागतो, आणि दुकानाच्या दारात तो करायची वेळ आली की "नंतर लिहू" सुरू होतं. तिथेच वही बंद पडते.

आता मेळ. वही सुरू करायच्या दिवशी पाकिटातली रोख मोजा, प्रत्येक खात्याची शिल्लक लिहा, कार्डाचं देणं लिहा. ही आरंभीची शिल्लक. आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा खर्च, म्हणजे अखेरची शिल्लक. दर आठवड्याला हा हिशेब प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा, वीस मिनिटं लागतात. समजा पाकिटात ३,००० होते, बँकेतून ५,००० काढले, रोखीचे खर्च लिहिले ६,४५०. उरायला हवेत १,५५०. पाकिटात निघाले १,१८०. तफावत ३७०. थोडा शोध घ्या, सापडली नाही तर "बेहिशेबी ३७०" अशी खर्चाची नोंद करून पुढे चला. तफावत पुसून टाकू नका आणि ती भरून काढायला खोटी नोंदही करू नका. बेहिशेबी हासुद्धा एक वर्गच आहे, आणि महिन्याच्या खर्चाच्या एक-दोन टक्क्यांत राहिला तर वही चांगली चालली आहे.

मेळ न घातलेली नोंद म्हणजे आठवणींची यादी. तिच्या बेरजेवर कुठलाही निर्णय घेऊ नये.

कोरीवही

वर्ग किती ठेवावेत? बऱ्याच अॅपमध्ये आधीच चाळीसेक वर्ग भरलेले असतात.

रोजमेळ

दहा ते बारा. वर्ग ठेवायचा की नाही याची कसोटी अशी: या वर्गाचा आकडा दुप्पट झाला तर तुम्ही काही वेगळं कराल का? करणार असाल तर वर्ग ठेवा. चप्पल आणि कपडे वेगळे ठेवून काही साधत नाही. पण बाहेरचं खाणं आणि घरचा किराणा एकाच वर्गात टाकला तर हातचा मोठा निर्णय झाकला जातो.

मग हे वर्ग चार गटांत बसवा. बांधील खर्च (भाडं, हप्ते, दरमहा भरायचा विमा आणि शिक्षणाचं शुल्क), लवचीक पण आवश्यक (किराणा, प्रवास, वीज, औषधं), ऐच्छिक, आणि अधूनमधून येणारे. चौथा गट सुरुवातीला रिकामा दिसतो. त्याला कमी लेखू नका, पुढे सगळ्यात जास्त धक्के तोच देतो.

"इतर" हा वर्ग असू द्या, पण तो एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांवर गेला की उघडून बघा. आत बहुतेक वेळा एखादा नवा वर्ग दडलेला असतो. एकाच बिलात किराणा, भांडी आणि साबण असं मिश्रण असेल तर मुख्य वर्गाबाहेरचा भाग पाचव्या हिश्शापेक्षा मोठा असेल तरच बिल फोडा. नाहीतर सगळं मुख्य वर्गात. अशा बारीक फोडीपायी वही सोडून देणाऱ्यांची संख्या फार मोठी असते.

शिल्लकशोध

तफावत शोधण्याबद्दल थोडी भर घालतो. हिशेबनीस पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत अशा दोन खुणा आहेत.

एक, तफावतीला नऊने पूर्ण भाग जातो का ते बघा. जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली आहे: ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० येतो. शून्य राहून गेलं तरी हेच होतं. १,२०० च्या जागी १२० लिहिले तर फरक १,०८०, आणि त्याला नऊने भागलं की १२०, म्हणजे चुकीची लिहिलेली नेमकी तीच रक्कम हाती येते. ती वहीत शोधायची.

दोन, तफावत निम्मी करा. वरच्या उदाहरणात ३७० च्या निम्मे १८५. १८५ चा एखादा खर्च चुकून जमेच्या बाजूला चढला असेल तर शिल्लक बरोबर ३७० नं फुगलेली दिसते. हेही नसेल तर मग मूळ ३७० चीच एखादी नोंद राहून गेली आहे का ते पाहायचं.

या तिन्ही तपासण्यांना पाच मिनिटं लागतात. त्यापलीकडे शोधत बसू नका, बेहिशेबीत टाका.

तिरकीरेघ

कार्डाचं कसं करायचं? खरेदी एका महिन्यात, बिल दुसऱ्यात, पैसे भरायचे कधीकधी तिसऱ्यात. खर्च कोणत्या महिन्याचा धरायचा?

रोजमेळ

खरेदीच्या दिवसाचा. कार्ड हे वजा शिल्लक असलेलं एक खातं समजा. खरेदी केली की खर्च झाला आणि कार्डाचं देणं वाढलं. बिल भरलं की बँकेतून कार्डाकडे पैसे सरकले. हा खर्च नाही, हे हस्तांतरण. बिल भरल्याची रक्कम पुन्हा खर्चात धरली की एकच खर्च दोनदा मोजला जातो. नव्या वह्यांमधली ही सर्वांत मोठी चूक, आणि आपोआप नोंद करणारी अॅपही ती करतात.

हाच नियम इतर ठिकाणी लावा. यंत्रातून रोख काढणं हस्तांतरण. एका खात्यातून दुसऱ्यात, मुदत ठेवीत किंवा गुंतवणुकीत टाकलेले पैसे हस्तांतरण. कोणाला हातउसने दिले तर ते येणं, खर्च नाही. ते बुडाले हे नक्की झालं की त्या दिवशी खर्च. घराची किंवा वीज-गॅस जोडणीची अनामत परत मिळणार असेल तोवर तीही येणंच. कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेला आणि नंतर परत मिळणारा खर्च वेगळ्या वर्गात ठेवा. परतावा आला की त्या वर्गाची बेरीज शून्य व्हायला हवी. नाही झाली तर काहीतरी मागायचं राहिलं आहे.

वस्तू परत केल्यावर मिळालेले पैसे उत्पन्नात टाकू नका. त्याच वर्गात वजा रक्कम लिहा. उत्पन्नात टाकले तर खर्च आणि उत्पन्न दोन्ही फुगतात.

शिल्लकशोध

+१. कार्डाच्या नोंदी लगेच करण्याला आणखी एक कारण आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं त्यांनी रोखीवाल्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या बोली लावल्या. रोख देताना हाताला जे जाणवतं ते कार्डावर जाणवत नाही. तिथल्या तिथे केलेली नोंद त्यातलं थोडंतरी परत आणते.

बारामहिने

कर्जाच्या हप्त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. पूर्ण हप्ता खर्चात धरणं चूक आहे. मुद्दलाचा भाग देणं कमी करतो, खर्च फक्त व्याज.

१,००,००० चं कर्ज, वार्षिक १२ टक्के, बारा समान हप्ते असं धरा. हप्ता साधारण ८,८८५ येतो. पहिल्या हप्त्यात व्याज १,००० आणि मुद्दल ७,८८५. शेवटच्या हप्त्यात व्याज उरतं फक्त ८८ च्या आसपास. वर्षभराचं व्याज मिळून सुमारे ६,६१९. सगळे हप्ते खर्चात धरले तर वर्षाला १,०६,६१९ खर्च झाल्यासारखा दिसतो, आणि कर्जाने घेतलेली वस्तूही खर्चात लिहिली असेल तर ती दोनदा मोजली जाते.

रोजमेळ

तत्त्वतः मान्य. पण सुरुवात करणाऱ्याला पहिल्या तीन महिन्यांत हे करायला लावू नये असं माझं ठाम मत आहे. या टप्प्यावर त्याला कळायला हवं ते दर महिन्याला खिशातून किती बाहेर जातं, आणि हप्ता तर पूर्ण जातो. म्हणून हप्ता बांधील खर्चात पूर्ण लिहा, आणि व्याजाचा आकडा कर्जाच्या तक्त्यातून घेऊन शेजारी टीप म्हणून ठेवा. मत्ता-देण्यांचा ताळेबंद (आपलं काय आहे आणि देणं किती आहे याचा तक्ता) मांडायची वेळ आली की फोड करायची. फक्त एक पथ्य: हप्ता खर्चात धरणार असाल तर कर्जाने घेतलेली वस्तू खर्चात लिहू नका.

बारामहिने

या अटीवर चालेल. मात्र कार्डाचं बिल पूर्ण न भरता थोडं थोडं भरणाऱ्यांनी तरी व्याज आणि दंड पहिल्या दिवसापासून वेगळ्या वर्गात लिहावा. तो आकडा "बँकेचे आकार" अशा गुळमुळीत नावाखाली गेला की कोणाच्याच नजरेत येत नाही. वर्गाला "व्याज" असं स्पष्ट नाव द्या.

आता अधूनमधून येणाऱ्या खर्चांकडे वळतो, कारण तीन महिन्यांच्या नोंदीत ते सापडतच नाहीत. वही सुरू केल्यावर लगेच मागच्या बारा महिन्यांची सगळी खातेपत्रकं काढा. त्यात दर महिन्याला न येणाऱ्या पण मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून मोठ्या नोंदींवर खूण करा. विम्याचे हप्ते, शुल्क, वाहनाची आणि घराची दुरुस्ती, कर, दाताचे उपचार, लग्नकार्यातले आहेर, प्रवास, बिघडलेली उपकरणं. यातल्या पुन्हा येणाऱ्या रकमांची बेरीज करून बाराने भागा. विमा १८,०००, शुल्क २४,०००, दुरुस्ती ६,००० असेल तर वर्षाचे ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात सरकवायची.

यात एक खाचखळगा आहे. पहिल्या फेरीत पूर्ण बारा महिने हातात नसतात. विमा पाच महिन्यांनी भरायचा असेल तर १८,००० ला पाचने भागून ३,६०० बाजूला काढावे लागतात, १,५०० नाही. म्हणून पहिलं वर्ष जड जातं, आणि पुष्कळ जण "हे जमत नाही" म्हणून तिथेच थांबतात. दुसऱ्या फेरीपासून भार १,५०० वर येतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

कोरीवही

सरासरीबद्दल शंका. तीन महिन्यांचा किराणा ९,०००, ९,४०० आणि १५,२०० असा आला तर पुढच्यासाठी कोणता आकडा धरायचा?

बारामहिने

सरासरी ११,२०० येते, पण तेवढा खर्च एकाही महिन्यात झालेला नाही. चढत्या क्रमातला मधला आकडा, ९,४००, हा नेहमीचा महिना. तिसऱ्या महिन्यातले वरचे ५,८०० कशाचे ते उघडून बघा. पाहुणे, सण किंवा वर्षभराची साठवण असेल तर ते अधूनमधूनच्या गटात जातात आणि वर्षाच्या बेरजेत धरले जातात. सरासरीत मिसळले तर दर महिन्याला उगाच सैल हात राहतो आणि प्रत्यक्ष मोठा महिना आला की पैसे नसतात.

आठवड्याच्या खर्चाचीही एक चूक नेहमी होते. आठवड्याची रक्कम गुणिले चार म्हणजे महिना नव्हे. असे बारा महिने म्हणजे ४८ आठवडे होतात, वर्षात आहेत ५२. चार आठवड्यांचा खर्च हिशेबातून गळून पडतो. ४.३३ ने गुणा.

तिरकीरेघ

वही, स्प्रेडशीट की अॅप?

शिल्लकशोध

जे रोज उघडाल ते. तिन्हींचे दोष मात्र वेगवेगळे आहेत.

कागदाच्या वहीत हाताने लिहिण्याचा परिणाम चांगला होतो. जपानमध्ये हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली, ती पद्धत "काकेइबो" नावाने आजही चालते. पण महिन्याच्या शेवटी वर्गवार बेरीज हातानेच करावी लागते आणि तिथे कंटाळा येतो. पानाच्या उजव्या बाजूला वर्गांचे उभे रकाने आखून घेतले की प्रत्येक पानाखाली बेरीज होते.

स्प्रेडशीटमध्ये तीन गोष्टी बिघडतात. वर्गाचं नाव एकदा "किराणा" आणि एकदा "किराना" टाइप झालं की दोन वेगळे वर्ग तयार होतात, म्हणून वर्गासाठी निवडायची ठरावीक यादी लावा. बँकेच्या पत्रकातून चिकटवलेल्या रकमा कधीकधी मजकूर म्हणून येतात. दिसतात आकडे, पण बेरजेत धरल्या जात नाहीत. त्या चौकटीच्या (सेलच्या) डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या की ओळखा. तिसरं तारीख: ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे संगणक आपल्या मनाने ठरवतो. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, गोंधळ संपतो. बेरजेला सम-इफ्स (SUMIFS) हे अटीनुसार बेरीज करणारं सूत्र किंवा पिव्हट टेबल, म्हणजे आपोआप तयार होणारा वर्गवार गोषवारा, पुरतं.

मेसेज वाचून आपोआप नोंद करणारी अॅप सोयीची वाटतात, पण रोखीचं त्यांना काहीच कळत नाही. फसलेला आणि परत आलेला व्यवहार ती कधीकधी खर्च आणि उत्पन्न असा दोन्हीकडे धरतात. अॅप निवडताना एक गोष्ट आधी बघा: सगळा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल) बाहेर काढता येतो का? येत नसेल तर अॅप बंद पडायच्या दिवशी तुमचा वर्षाचा हिशेबही जातो. दुहेरी नोंद हवी असेल तर ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. शिकायला थोडा वेळ लागतो, पण हस्तांतरणाची चूक त्यात सहजासहजी होत नाही, कारण प्रत्येक रक्कम कुठून आली आणि कुठे गेली हे दोन्ही विचारलं जातं. इटलीचे गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात मांडलेली पद्धत मुळात हीच.

कोरीवही

घरात दोघं कमावते असतील तर एकच वही ठेवावी का? आणि मध्येच आठ-दहा दिवस नोंद राहिली तर?

रोजमेळ

एकच वही, कोणाच्या खात्यातून गेले तो रकाना वेगळा. एकमेकांना पाठवलेले पैसे हस्तांतरण. आणि दोघांनाही ठरावीक खिसाखर्च द्या. त्याची वहीत एकच ओळ, आत काय झालं ते विचारायचं नाही. हे मी फार महत्त्वाचं मानतो. वही जाब विचारण्याचं साधन झाली की समोरचा माणूस रोखीने खर्च करून "बेहिशेबी"त लपवू लागतो. त्यानंतर ते आकडे आणि घरातलं बोलणं, दोन्ही बिघडतं.

खंड पडला तर आठवून भरत बसू नका. बँक आणि कार्डाच्या नोंदी पत्रकातून उतरवा, रोख मोजा, फरकाची "नोंद राहिली" अशी एकच ओळ लिहा आणि आजपासून पुढे. आठवून लिहिलेल्या रकमा गोल असतात, १००, २००, ५००. त्यांनी वही भरते, पण कळत काही नाही.

तिरकीरेघ

तीन महिने झाले, मेळही बसतोय. आता या आकड्यांचं करायचं काय?

बारामहिने

पहिला उपयोग आणीबाणीच्या निधीसाठी. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सर्रास सांगतात, पण कोणता खर्च? एकूण ४०,००० असेल आणि त्यात बांधील, आवश्यक आणि अधूनमधूनचा मासिक हिस्सा मिळून २७,००० असेल, तर निधी १,६२,००० चा लागतो, २,४०,००० चा नाही. ७८,००० चा फरक वर्गवारीमुळेच कळतो. उत्पन्न अनियमित असेल तर मागच्या बारा महिन्यांतले सर्वांत कमी तीन महिने घ्या. त्यांच्या सरासरीत बांधील खर्च बसतो का ते पहा. बसत नसेल तर निधी सहाऐवजी नऊ महिन्यांचा धरा, आणि आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा हिस्सा आल्या दिवशीच वेगळा काढा.

दुसरा उपयोग लांबच्या गणितासाठी. महागाई सहा टक्के धरली तर २० वर्षांत तोच खर्च सुमारे ३.२ पट होतो. आजचे ४०,००० तेव्हा साधारण १,२८,००० होतील. आजचा आकडा खरं तर ५०,००० असताना ४०,००० धरला, तर वीस वर्षांनंतरची चूक महिन्याला ३२,००० ची झालेली असते. निवृत्तीचा अंदाज बांधताना सगळे वर्ग एकाच पटीत वाढवू नका. कामावर जाण्यायेण्याचा खर्च संपतो, कर्जाचे हप्ते संपलेले असतात, औषधोपचाराचा वाढतो. वर्गवार आकडे असतील तरच हे करता येतं.

कोरीवही

आणि चौथ्या महिन्यापासूनही रोज इतकंच लिहायचं?

रोजमेळ

नाही. तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा. जे वर्ग दहा टक्क्यांच्या आतच हलले ते आता रोज लिहायची गरज नाही, महिन्याअखेर पत्रकातून एकदम उतरवा. भाडं, हप्ते, वीज बहुधा यात जातात. जे दोन-तीन वर्ग जास्त हलले, तेवढेच रोज लिहीत राहा. रोखीचा मेळ आठवड्याऐवजी पंधरवड्याला घातला तरी चालेल. घर बदललं, नोकरी बदलली, घरात माणूस वाढलं, की पुन्हा दोन महिने सगळं पहिल्यासारखं, पाचही रकाने, नव्या आरंभीच्या शिल्लकेपासून.